तो काटा माझ्या हातून राहिला होता

"तोंड उघड," शेठ म्हणाला.

जनीमावशीने तोंड उघडलं. गिऱ्हाइकाच्या ताटातला माशाचा उष्टा तुकडा शेठने काट्यासकट तिच्या तोंडात कोंबला. "चाव. तुम्हा डोंगरातल्या लोकांना काटे पचतात. माझ्या गिऱ्हाइकांना नाही पचत."

भटारखान्यात आम्ही सात माणसं. कुणी हललं नाही. मावशीने चावलं. गिळलं. डोळ्यांतलं पाणी तिला पुसता आलं नाही, हात माशाने बरबटलेले होते.

तो काटा माझ्या हातून राहिला होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉटेलात आम्ही दोघी मासे साफ करायचो. मावशी माझ्याच सुरगाण्याकडची. भातकापणी आटोपल्यावर तिनेच मला कामाला आणलं. हॉटेलात मटणाचा सुरा होता, जाड आणि चार बोटं रुंद. त्याने मरळ मासा सोलायला घेतला की मांसाच्या चिंध्या व्हायच्या.

मावशी मला बाजारात घेऊन गेली. दुकानातली एकेक सुरी तिने लाकडावर टेकवून वाकवून बघितली. चार परत ठेवल्या, पाचवी घेतली.

"पातं माशासंगं वाकाया पायजे," ती म्हणाली. "अडलं का समजायचं, हितं काटा हाय."

मग धारवाल्याकडून पातं घासून घासून बोटभर रुंदीचं करून घेतलं. तो कुरकुरला, "सगळं लोखंड वाया घालवताय." मूठ लाकडाची, चिकट हातातून निसटायची. तिच्यावर मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. माशाच्या डोक्यामागे चीर द्यायची, पातं मणक्यावर आडवं टेकवायचं आणि शेपटीकडे सरकत जायचं. महिन्याभरात मला जमलं. बिनकाट्याची अख्खी फोड हातात यायची. हॉटेलात त्या माशासाठी ओझरहून माणसं यायची. आम्ही कोण, त्यांना ठाऊक नव्हतं.

तो काटा राहिला त्या रविवारी गर्दी होती. मावशी सकाळीच म्हणाली होती, "आदी धार लाव." मी लावली नाही. बोथट पातं बरगड्यांवरून घसरलं. बोटाला एक काटा लागला. मला कळलं होतं. एका तुकड्याने काय होतंय, म्हणून मी तो तसाच पुढे दिला.

शेठ ताट घेऊन आत आला. "हे कुणी कापलं?"

मी बोलले नाही. फक्त मावशीकडे बघितलं. शेठला तेवढं पुरलं. मावशी "मी नाय" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती काम सोडून गावी गेली. मी राहिले. तिची जागा मला मिळाली, आणि मी ती घेतली.

चार महिन्यांनी पेठ तालुक्यातली एक विधवा बाई माझ्या हाताखाली आली. एका दुपारी ताट परत आलं, माशाला वास येतो म्हणून. शिळा मासा शेठनेच आणला होता. तो तिच्यापुढे उभा राहिला. "तोंड उघड."

मी त्याचं मनगट धरलं.

"मागचा काटा माझा होता," मी म्हणाले. "जनीमावशीचा नाही. आणि हा मासा तुमचा आहे."

"मग तू खा."

"नाही खाणार. तुम्ही खा."

त्याने ताट आपटलं. "चालती हो."

मी निघाले. माझ्यामागून ती विधवा बाईही निघाली. बाकीचे खाली मान घालून कांदा चिरत राहिले. मीही तशीच उभी होते एकदा, त्यामुळे त्यांना बोल लावता आला नाही.

जीपने सुरगाण्याला गेले. मावशी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या शेतात होती. मी सगळं सांगितलं.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुझं त्वांडच सांगत व्हतं त्या दिशी."

"मी आता बोलले, मावशी."

"तवा बोलाया पायजे व्हतं."

तिने तांब्याभर पाणी दिलं. बसायला सांगितलं नाही.

माफी मिळाली असती तर तेवढ्यावरच मी निवांत झाले असते. मिळाली नाही, तेच बरं. आता नाशकातच माझं माशांचं दुकान आहे. कामाला नवी बाई आली की पहिल्याच दिवशी मी तिला हे सांगते, जनीमावशीचं नाव घेऊन, माझा भ्याडपणा न लपवता. ऐकून ती मला काय समजायचं ते समजो. दोष माझा असला तर मी बोलेन. माझा नसला तरी बोलेन. आणि चार महिन्यांनी नाही, त्याच क्षणी.