मस्कतहून आणलेली कापडं

कापड विटतं, फाटतं, शेवटी पायपुसणं होतं. ते घेतानाचे किस्से मात्र घडी न मोडता तसेच राहतात. ऐंशी सालाच्या आसपास मस्कतला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी महाडचा, कारकून. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला सखाराम आणि दासगावचा गौतम, दोघं सुतारकामाला. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे बाजार, म्हणजे गोंधळ.

पहिल्याच शुक्रवारी सखारामने कापडाच्या दुकानाबाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन जमिनीवर मांडी घातली. महाडला गादीवर बसूनच कापड बघतात ना! अरब दुकानदाराला वाटलं, माणसाला चक्कर आली. तो धावत पाणी घेऊन आला.

सखाराम खूश. मला म्हणतो, "बघ, आता चाय पन येल."

तिथे त्याने घरच्या बायकांच्या साड्यांसाठी अख्खा तागाच घेतला. जांभळी फुलं. म्हणे, "येकीला येगळा दिला तं दुसरी रुसंल." गावी जाणाऱ्याबरोबर तो पुढे धाडला. स्वतः सुट्टीवर गेला तेव्हा पाणवठ्यावर आठ पाठमोऱ्या बायका, आठीजणी जांभळ्या फुलांत. बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही. त्याने आपली हाक मारली, "अगो..."

आठीजणी वळल्या.

मी तरी कुठला शहाणा? शाळामास्तर वडिलांसाठी जपानी सूटपीस आणला. शिंपी म्हणाला, "मास्तर, फॉरेनचा कापड हाय, कात्री लावायला हात धजत नाय." वर्षभर वडील दर रविवारी त्याच्याकडे जात. दोघं कापडावरून हात फिरवत आणि परत घडी घालून ठेवत.

पण गौतमचं ऐका. आईवडील नव्हते, धाकटी बहीण यानेच वाढवलेली. तिचं लग्न ठरलं आणि साहेबाने रजा नाकारली. निदान लग्नाची साडी तरी आपल्या हातची जावी, म्हणून मला घेऊन तो त्याच दुकानात आला. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरं नेसते.

दुकानदाराने लाल दाखवलं, हिरवं दाखवलं. गौतम मान हलवत राहिला. शेवटी साध्या पांढऱ्या कापडावर त्याने बोट ठेवलं.

"किसके लिए?" दुकानदाराने विचारलं.

"छोटी बहन," गौतम म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं.

दुकानदाराची कात्री थांबली. त्याने वर बोट दाखवलं, "अल्ला की मर्जी" म्हणाला, गौतमला जवळ घेतलं आणि स्वतःही डोळे पुसू लागला. पैसे काही केल्या घेईना. "शादी का कपडा है" म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्याने कापड बांधून गौतमच्या हातात ठेवलंही.

बाहेर आल्यावर कापड छातीशी धरून गौतम म्हणाला, "परका मानूस, पन भावाचा जीव कसा वळखला बग."