फोटोतली बातमी

आमच्या ह्यांचे डोळे साखरेनं गेले. माझ्या भाचीनं त्यांना बोलणारा फोन लावून दिला. काचेवर बोट फिरवलं की जे लिहिलंय ते फोनातली बाई वाचून दाखवते. माणूस पुन्हा हसायला लागला बघा. मी काही वाचून सांगायला गेले की म्हणायचे, "तू तुझ्या भाकऱ्या बघ गं, मला माझी बाई हाय!"

त्या बाईत एक खोट मात्र होती. फोटोत लिहिलेलं तिला वाचता यायचं नाही. नुसतं "फोटो" म्हणून गप्प. रोज सकाळी ग्रुपवर देवांचे फोटो येणार, खाली लोक हात जोडणार, आणि ही आपली "जोडलेले हात, जोडलेले हात" करत बसणार. आम्ही हसायचो.

खोपोलीच्या कंपनीत ह्यांच्या जोडीला एक मित्र होता, चौक गावचा. डोळे गेल्यावर ह्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन शिळफाट्याच्या बाजारात फिरवणारा तोच. तो आजारी पडला, फोनवर बोलणंही होईना, तेव्हापासून ह्यांचा सगळा जीव कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर.

मी लेकीकडे कळंबला गेले होते. परतले तर म्हणाले, "ग्रुपवर हात जोडायचं थांबतच नाय. कसला सण हाय गं? मीपण जोडले."

मी उघडून बघितलं. चौकच्या मित्राचा हार घातलेला फोटो. त्याचं नाव, नेण्याची वेळ, सगळं त्या फोटोतच.

ह्यांच्याजवळ बसून सांगितलं.

"कधी नेला?"

"परवा. अकरा वाजता."

"मी जागाच होतो की गं. फोन हातात होता माझ्या."

पूर्वी आमच्याकडे सांगावा घेऊन माणूस यायचा. उन्हातान्हात चालत यायचा, दारात उभा राहून सांगायचा, पाणी पिऊन पुढच्या गावाला जायचा. आता ग्रुपवर टाकलं की झालं.

तसेच चौकला गेलो. वहिनी म्हणाल्या, "लय वाट बघितली भावजी. उचलायला उशीर केला तुमच्यासाठी."

त्यांचा थोरला मुलगा जरा घुश्शातच होता. "काका, टाकलं होतं की! खाली तुमचे हातपण आले. आमी समजलो, कळलंय तुमाला. हे बघा." आणि फोन ह्यांच्या डोळ्यांपुढं धरला.

मग त्याच्या ध्यानात आलं. एवढा बाप्या, पण तोंड झाकून रडायला लागला.

"रडू नको रं," हे म्हणाले. फोन हातात घेतला, काचेवरनं अंगठा फिरवला. "काय हाय ह्यात? कसा दिसतोय?"

मीच फोटोकडं बघून सांगितलं. "पांढरा शर्ट हाय. कपाळाला गंध. लग्नातला असंल कुठल्या. हसतायत."

"केस?"

"पिकलेत. सगळे."

"अस्सं," म्हणाले. "माझ्याकडं काळेच होते त्याचे."