आतेला मी मागे बसवलं

चाळिशीत गिटारचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं ते आतेने. ती फिलिपिनो. त्यांच्यात थोरल्या बहिणीला आते म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. ती मला सिस म्हणायची. दुबईच्या ‘बर दुबई’ भागात एका दाताच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला असते, पण आधी कितीतरी वर्षं हॉटेलांच्या बँडमध्ये अमेरिकन कंट्री गाणी गायची. गाव, लांबचे रस्ते, आईचं स्वयंपाकघर, असली साधीसुधी गाणी. दर रविवारी ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून ती शारजाला आमच्याकडे यायची. फी काय, तर माझी साबुदाण्याची खिचडी.

बोटं सोलून मी रडकुंडीला आले की इथल्या अरबी ‘चल चल’च्या थाटात म्हणायची, "यल्ला सिस, अगेन!" तिच्याच आग्रहाने मी माझ्या आईवर मराठीत एक गाणं केलं. तिने शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केले आणि माझ्या सुराखाली दुसरा आवाज बसवला. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघींनी ते गायचं, असं आमचं आपसांत ठरलं.

त्या दिवशी तिने बँडमधले जुने बूट पॉलिश करून घातले होते. एका हातात माझी गिटार, दुसऱ्या हातात माझ्या मुलीची वॉटरबॅग. दारातच मंडळाच्या एक वहिनी भेटल्या.

"अगं, तुझी मेड का? मेड्सना मागे बसवलंय हं, मुलांबरोबर."

ही माझी गुरू आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती सगळ्या नटूनथटून आलेल्या बायका, आणि माझ्या मेलीच्या जिभेला काय झालं कोण जाणे!

"हो हो, बसेल ती मागे," मी म्हणाले.

मेड हा शब्द कळायला मराठी यावं लागत नाही. आतेने गिटार माझ्या हातात दिली आणि मागे गेली.

"मम्मा, इजंट शी सिंगिंग?" मुलीने विचारलं. मी उलट तिच्यावरच खेकसले.

स्टेजवर वहिनींनी माझी ओळख करून दिली, "स्वतःची स्वतः शिकलेली कलाकार!" मी निर्लज्जासारखी हसले. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्यात तिचा आवाज यायचा होता, तिथे मी शब्द सोडून नुसत्या तारा छेडत राहिले.

आणि तो आवाज आला. मागच्या रांगेतून, माईकशिवाय, कुणाचं तरी बाळ खांद्यावर घेऊन आते माझ्या आईचं गाणं खणखणीत गात होती. माना वळल्या. तिथेच थांबून तिला वर बोलवायला हवं होतं. मी डोळे मिटून गाणं पूर्ण केलं आणि टाळ्या एकटीने घेतल्या.

तिला घरी सोडायला गाडी काढली. एरवी माझ्या शेजारी बसणारी ती मागचं दार उघडून मुलीजवळ बसली.

"आते, पुढे ये ना," मी इंग्रजीत म्हणाले.

"इट्स ओके, मॅम," ती म्हणाली.