चपलांची रांग

उन्हात तापलेल्या रबराचा वास मला अजूनही सहन होत नाही. आश्विनातलं कोरडं, पांढरट ऊन, मानपाड्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर येणारी, घशाशी रेंगाळणारी आंबूस वाफ, आणि डोंबिवलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत लागलेली चपलांची रांग. या तिन्ही गोष्टी स्मरणात अशा मिसळून गेल्या आहेत की एक आली की उरलेल्या दोन्ही तिच्या मागोमाग येतात.

माणसं तिथे रांगेत उभी राहत नसत. आपल्या चपला रांगेत ठेवून ती कडुनिंबाखाली जाऊन बसत. एखादं पोर तापानं फणफणलेलं दिसलं, की बोलता बोलता कुणी बाई उठे आणि त्याच्या आईच्या चपला पायाच्या अंगठ्यानं हळूच पुढे सरकवी. ज्यांच्या चपला त्यामुळे मागे पडत ते थोडं कुरकुरत. "ओ काकू, माझा पण गुडघा ठणकतोय हां!" असं कुणी म्हणे, सगळे हसत, आणि सावलीतल्या गप्पा पुन्हा आपल्या वाटेनं वाहू लागत.

नव्वदीच्या दशकाचा आरंभ होता. विद्यापीठात मी व्यवस्थापन शिकत होतो आणि त्यातही सेवा आणि पुरवठा यांच्या गणितानं मला झपाटलं होतं. ठाण्याच्या गोदामातून निघालेलं औषध दवाखान्याच्या कपाटात केव्हा पोचावं, एका खिडकीपाशी किती माणसं किती वेळ ताटकळतील, हे समीकरणात मांडता येतं, याचा केवढा आनंद होता तेव्हा! मनुष्याच्या प्रतीक्षेलाही एक नियम आहे, या विचारात मला जवळजवळ आध्यात्मिक शांती वाटे. प्रकल्पासाठी मी घराजवळचा हाच दवाखाना निवडला. चपलांची सरकवासरकव ही मला शुद्ध अव्यवस्था वाटली. विश्वस्तांची परवानगी काढून मी रांग बंद केली, पत्र्याची क्रमांक घातलेली टोकनं आणली. जो आधी येईल तो आधी आत. पहिल्याच आठवड्यात ताटकळणं कमी झालं, आणि घरी बाबा आईला म्हणाले, "बघ, आपल्या पोरानं दवाखाना वळणावर आणला."

ज्या दिवशी आमचे सर पाहणीला आले, त्या दिवशी बाबाही आले. घरी कुणाला न सांगता. मी पायरीशी हातात घड्याळ धरून उभा, सर शेजारच्या खुर्चीत, आणि बाबा समोरच्या बाकावर. त्यांचा क्रमांक बराच मागचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं हसूसुद्धा चेहऱ्यावर आणलं नाही; माझ्या कामात आपला व्यत्यय नको, हा त्यांचा भिडस्त स्वभाव. ते डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चोळत होते. मग त्यांच्या डाव्या हातातलं टोकन खाली पडलं. फरशीवर पत्र्याचा तो कर्कश, पोकळ आवाज. त्यांनी वाकून ते उचललं. थोड्या वेळानं पुन्हा पडलं.

शेजारी हिरामावशी बसली होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी. तिचा क्रमांक पुढचाच होता. तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपलं टोकन त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी जावा आत. माजा खोकला काय आज मरत नाय."

आणि मी, सरांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणालो, "मावशी, अदलाबदल करायची नाही. सर बघतायत."

"सर बघतायत?" ती माझ्याकडे वळली. "आन तू काय बगतोस रं?"

मी घड्याळात पाहिलं. बाबाच बोलले, "राहू दे गं हिराबाई. त्याची परीक्षा आहे आज." आणि तिचं टोकन त्यांनी उजव्या हातानं परत केलं.

त्यानंतरची ती दुपार माझ्या आत अजून संपलेली नाही. दार उघडे, मिटे. एकेक क्रमांक पुकारला जाई. घड्याळाचा काटा फिरत राही आणि मी तो टिपत राही. बाबांकडे मी पाहिलंच नाही असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पाहिलं होतं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित उतरलेला पाहिला होता, आणि उन्हाची तिरीप असेल अशी मनाची समजूत घातली होती. अखेर त्यांचा क्रमांक आला. ते उठले, डावा पाय चपलेत सरकवू लागले. पायाला चप्पल सापडेना. आणि ते कोसळले.

वाचले ते. वाचा शाबूत राहिली, डावं अंग मात्र गेलं. थोडं आधी आत गेले असते तर काही वेगळं घडलं असतं का, हे डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही. 'हो' ऐकायची भीती होती, आणि 'नाही' ऐकून मोकळं होण्याचीही. आईला बाबांनी सांगितलं, "मीच घरून उशिरा निघालो." घरात तेच सत्य राहिलं, बाबा गेल्यावरही. प्रकल्पाची वाखाणणी झाली. ताटकळण्याची सरासरी उतरली होती, आणि बाबांचं ताटकळणं त्या सरासरीत कुठेतरी विरघळून गेलं होतं.

पुढची कैक वर्षं बाबांच्या डाव्या पायात चप्पल टिकत नसे. चालता चालता ती मागे राही आणि त्यांना कळतही नसे. मागून येणारा मी ती उचलायचो, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसायचो. ते माझ्या खांद्यावर उजवा हात टेकवून निमूट थांबत. त्या एवढ्याशा थांबण्यात ते माझ्या तोंडून काही निघण्याची वाट पाहत होते, की मला माझा वेळ देत होते, कोण जाणे. मी पट्टा सरळ करी, पाऊल आत बसवी, आणि म्हणे, "चला बाबा."