एकाच पगारात चालणारं घर

आमच्या धुलाई कारखान्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळ्या ‘भिंग’ म्हणायच्या. हॉटेलांच्या चादरी धुऊन आल्या की इस्त्रीला जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायच्या. टेबलाला वरून काच, काचेखाली दिवा. डाग राहिलेली चादर इस्त्रीखाली गेली की डाग कायमचा बसतो, मग कितीही आपटा. म्हणून त्या प्रत्येक चादरीवर संशय घ्यायच्या. अठरा वर्षं तेच केल्यावर बाई माणसांवरही संशय घ्यायला लागली, यात नवल काय! भाजीवाल्याने वर एक कांदा जास्त टाकला, तर त्या लगेच पिशवीतले खालचे कांदे उलथून बघायच्या. आणि बहुतेक वेळा खालचे सडकेच निघायचे, हेही सांगते.

त्यांना एकदा चांगलाच चटका बसला होता. मी कामाला लागायच्या आधीची गोष्ट. मॅनेजरने टेबलाशी येऊन कौतुकाने विचारलं, “ताई, मनावर घेतलं तर तासाला किती चादरी बघाल?” या भोळ्या सांबाने हौसेने साठ बघून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: तासाला साठ. कमी पडल्या तर पगार कापणार. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, “कुणी गोड विचारलं की आधी आपला खिसा चाचपायचा.”

तर त्यांचं उजवं मनगट कामातून चाललं होतं. दिवसभर चादरी ओढायच्या आणि संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात फरशी पुसायची. घरात दम्याने बसलेले थोरले दीर, शाळेतल्या दोन मुली. डॉक्टर म्हणाले, “दोनातलं एक काम सोडा, नाहीतर वर्षभरात या हाताने कपसुद्धा उचलता येणार नाही.”

“कोणतं सोडू ते तुम्हीच सांगा,” जाऊबाई म्हणाल्या. “एकातून भाडं निघतं, दुसऱ्यातून पोट.”

डॉक्टरांनी पट्टा लिहून दिला.

हे दुसरं काम चोरून बरं का! कारखान्याच्या दारातच पाटी होती, दुसरीकडे काम करताना सापडल्यास कामावरून कमी. पाटी सगळ्यांनी वाचलेली. तरी सहाचा भोंगा झाला की चाळीस जणी चाळीस दिशांना पळायच्या. घरी एकही जात नव्हती. मी खानावळीत भांडी घासायचे.

अशात मॅनेजरने सांगितलं की मालकांतर्फे एक मुलगी घरोघर येऊन चौकशी करणार आहे. मोठ्या हॉटेलवाल्यांनी मालकांना विचारलं होतं म्हणे, तुमच्या बायका या पगारात धड जगतात का? मालक म्हणाले, आम्ही कायद्याने ठरलेलं किमान वेतन देतो, त्याच्या खाली एक पैसा नाही.

“खाली नाही, ठीक,” जाऊबाई म्हणाल्या, “पण वर जायला काय कुणी हात धरलाय? जीव जाऊ नये एवढा पगार वेगळा आणि जगता यावं एवढा वेगळा. हे मालकाला माहीत नाही? मग आताच कसा कळवळा आला? मांजर उंदराच्या घरी तब्येत विचारायला येतंय.”

त्यांनी मला कामाला लावलं. मी एकेकीच्या कानात घातलं: दुसऱ्या कामाचं नाव काढायचं नाही, पाटी आठवा.

मुलगी रविवारी आली. केस बांधलेले, आवाज मऊ. म्हणजे जाऊबाईंच्या दृष्टीने गुन्हा सिद्धच! दवाखान्याचा निळा अ‍ॅप्रन दोरीवर वाळत होता, तो मी ऐनवेळी गादीखाली कोंबला आणि वर बसले.

“कागदावर तुमचं नाव येणार नाही,” मुलगी म्हणाली.

“नाव नाही, पण घर तर बघून ठेवलंत ना?”

ती हसली. “या पगाराशिवाय तुम्ही आणखी कुठे काम करता?”

“छे. एका पगारात छान भागतं आमचं.”

“हाताला काय झालं?”

“पडले.”

मुलीने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, मग लिहून घेतलं. पलीकडच्या खोलीत माझाही जबाब तसाच झाला.

महिन्याने जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरने अहवाल वाचला. चाळीसच्या चाळीस जणी एकाच पगारात घर चालवतात. म्हणजे किमान वेतन जगायला पुरतं, हे कामगारांनीच सांगितलंय. वाढीचा प्रश्न मिटला. आपणच आपल्या हाताने मालकाला कागद लिहून दिला होता!

मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिने विचारलं, “कुणाला काही दुरुस्ती सांगायची आहे?”

जाऊबाई उठल्या. “मी खोटं सांगितलं. संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात फरशी पुसते. या एका पगारात माझं घर चालत नाही. इथे कुणाचंच चालत नाही. माझं ऐकून सगळ्या खोटं बोलल्या.”

“सगळ्या?” मॅनेजर म्हणाला. “कोण कोण, नावं सांगा.”

त्यांनी एकही नाव घेतलं नाही. नुसत्या वळल्या आणि आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी, त्यांची सख्खी धाकटी जाऊ, आपल्या चपलांकडे बघत होते. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, एवढंच मला दिसत होतं. लाज वाटते सांगताना.

“म्हणजे एक तुम्हीच,” मॅनेजर म्हणाला. त्याने पाटीवरचा नियम लावला, आणि अहवाल एका आकड्याच्या फरकाने तसाच राहिला.

आता जाऊबाई दोन दवाखान्यांची फरशी पुसतात, डाव्या हाताने. त्यांच्या टेबलावर मला बसवलंय. तासाला सत्तर.

परवा नवा फॉर्म आला. तीच मुलगी, तोच प्रश्न. मी तो घेऊन रविवारी दुपारी जाऊबाईंकडे गेले. त्यांनी डाव्या हाताने चहा गाळला.

“खरं लिहू का हो? कंपनीवर विश्वास कसा ठेवायचा?”

“कंपनीवर माझा कधीच नव्हता,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर होता.”

मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोरच लिहिलं: हो, खानावळीत भांडी घासते, रोज चार तास. नाव लिहायचं नव्हतं, तरी खाली पूर्ण नाव लिहिलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला.

जाऊबाईंनी तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि दोन्ही बाजूंनी नीट बघितला.