तुमच्या हातानंच कापा

त्यांनी कटर टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"बाई, तुमच्या हातानंच कापा," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही कापलं तर लोक बंदी म्हणतील. लेखिकेनं कापलं तर ती दुरुस्ती."

महाल भागातलं वाचनालय. वरच्या मजल्यावरची सभेची खोली. टेबलावर माझ्या कथांच्या पुस्तकाच्या प्रती रचून ठेवलेल्या. प्रत्येक प्रतीत त्याच एका जागी पिवळी चिठ्ठी खोचलेली. कोणीतरी बसून हे केलं होतं. माझ्या पुस्तकासाठी या लोकांनी घेतलेले हे पहिलेच कष्ट.

टेबलाच्या तीन बाजूंना कार्यकारिणी. चौथ्या बाजूला मी. चहा आला. सगळ्यांसमोर कप गेले. माझ्यासमोर कटर होता, म्हणून कपाला जागा मिळाली नसेल.

अध्यक्षांनी वरची प्रत उचलली. दोन बोटांनी, कोपऱ्याला धरून. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी.

"असली घाण आमच्या कपाटात राहणार नाही."

प्रत माझ्यापुढे टाकली. खिशातून रुमाल काढला. बोटं पुसली.

छापलेल्या कागदाला हात लागला म्हणून बोटं पुसली. 

अजून वर्षही झालं नव्हतं. याच खोलीत याच माणसांनी माझ्या अंगावर शाल घातली होती. नारळ दिला होता. आमच्या वस्तीवरून मला सक्करदऱ्याची लेक म्हणाले. तळागाळातला आवाज म्हणाले. अध्यक्ष बोलले, सरही बोलले. सर म्हणजे आमच्या शहरातले मोठे लेखक. लेखनस्वातंत्र्यावर बोलायला त्यांना गावोगाव बोलावतात. त्या दिवशीही ते टेबलावर मूठ आपटून बोलले. पुस्तक त्यांच्यापैकी एकानंही वाचलेलं नव्हतं. शाल घालायला वाचावं लागत नाही.

नंतर कोणीतरी वाचलं. एका पानाचा फोटो मोबाइलवर फिरला. खाली लिहिलेलं, ही बाई शाळेत शिकवते, हिच्या वर्गात आपल्या पोरी बसवायच्या का? मी एका शाळेत मराठी शिकवते. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "असं लिहायची गरज काय होती?" वाचनालयाच्या दारात काही लोक आरडाओरडा करून गेले. मग मला या बैठकीचं बोलावणं आलं. चर्चा आहे म्हणाले. कटरबद्दल बोलले नव्हते.

त्या पानावर काय आहे ते सांगते.

माझी आई रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात आया होती. बेडपॅन देणं, रोग्यांची अंगं पुसणं, चादरी बदलणं. मी चौथीत होते. शाळा सुटली की घराची किल्ली घ्यायला दवाखान्यात जायचे. सात नंबरच्या स्पेशल खोलीत एक म्हातारा होता. गोरा, पांढऱ्या मिशांचा. उशाशी चांदीचा पानाचा डबा. सगळे त्याला साहेब म्हणायचे. नाव मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. आयांना रोग्यांची नावं कोण सांगतं? खोलीचा नंबर सांगतात.

आई बेडपॅन काढायला वाकली की त्याचा हात तिच्या छातीकडे यायचा. रोज. ती हात बाजूला करायची आणि काम करायची. एक दिवस तिनं झटकला. बेडपॅन हातातच होतं. ते त्याच्या अंगावर सांडलं.

मी किल्लीसाठी पोचले तेव्हा खोलीत गर्दी होती. मेट्रन, दोन सिस्टर, म्हाताऱ्याच्या घरातली माणसं. चादर बदलून झाली होती. आई भिंतीला टेकून उभी. मेट्रन म्हणाली, "पाया पड साहेबांच्या. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

आई पाया पडली. मी दारात उभी होते.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. म्हणाला, "जा, माफ केलं." मग मला जवळ बोलावलं आणि फळांच्या टोपलीतून एक सफरचंद दिलं. जिन्यात आईनं ते माझ्या हातातून ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी रडले. आईसाठी नाही. सफरचंदासाठी.

एवढंच आहे त्या पानावर. सातव्या खोलीतला म्हातारा. कुठे नाव नाही, आडनाव नाही.

अध्यक्ष चहा पीत म्हणाले, "वाचकांच्या भावना दुखावल्यात. समाजात थोर माणसं असतात. म्हातारी माणसं, आजारी माणसं. त्यांच्याबद्दल असं चित्र जातं."

मी सरांकडे पाहिलं. तेही कार्यकारिणीत होते. मूठ आपटणारे सर. ते बिस्किट चहात बुडवत होते.

"अगं, एका पानानं काय होतं?" सर म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत घाल परत. लेखकाला तारतम्य पाहिजे. मीही कित्येकदा गाळलंय."

बिस्किट तुटून कपात पडलं. ते चमच्यानं काढायला लागले. त्या माणसाची पुस्तकं मी रात्र रात्र जागून वाचली होती. त्यांच्यासारखं लिहायचं म्हणून वह्या भरल्या होत्या. आणि ते म्हणत होते, मीही गाळलंय. अभिमानानं. जसं काही गाळणं ही कला आहे. त्या खोलीत मला अध्यक्षांपेक्षा त्यांची किळस जास्त आली. अध्यक्ष निदान जे होते ते दिसत होते.

"मी कापणार नाही," मी म्हणाले.

"मग आम्हाला प्रती काढून टाकाव्या लागतील."

"काढा. बंदी आहे म्हणून दारावर लिहा आणि काढा. माझ्या हातानं नाही."

"बाई, विचार करा. तुमची नोकरी आहे."

"माझ्या आईचीही होती."

एवढ्यावर अध्यक्षांचा आवाज चढला. कप बशीवर आदळला.

"तुमची आई कोण हो? एक आया! तिच्या सांगण्यावरून माझ्या वडिलांची बदनामी करता?"

 खालच्या गल्लीतले स्कूटरचे भोंगे ऐकू येत होते.

 मला खरंच माहीत नव्हतं. शप्पथ घेऊन सांगते, त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं.

"मी कोणाचंच नाव लिहिलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही वडिलांना कसं ओळखलं?"

 कोणीतरी उगाच खोकलं. सर कपातच बघत होते.

"पानाच्या डब्यावरून ओळखलं," मीच विचारलं, "की हातावरून?"

"बैठक संपली," अध्यक्ष म्हणाले.

मी उठले. जिना उतरताना भिंतीवरच्या संगमरवरी पाटीपुढे थांबले. वाचनालयाला देणगी देणाऱ्या थोर पुरुषाचं नाव. अध्यक्षांच्या वडिलांचं. शाळकरी वयापासून मी त्या पाटीखाली चप्पल काढून आत वाचायला जात होते.

बाहेर गटाराच्या कडेला जाऊन मी ओकले. नुसतं पाणी पडलं.

आई आता म्हातारी आहे. माझ्याकडेच असते, सक्करदऱ्यात. मी घरी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. नावही. तिनं ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

"मेला का तो?" तिनं विचारलं.

"केव्हाच मेला."

"त्याचा पोरगा का म्हन्ते?"

"पान काप म्हणतो. नाहीतर नोकरी जाईल."

तिनं मेथीच्या काड्या बाजूला केल्या.

"मी एकदा मागून पाह्यली वं माफी," ती म्हणाली. "काही भेटत नाही त्यानं. दुसऱ्याच महिन्यात काढलं मले कामावरून."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. आम्हाला ती सांगायची, मीच सोडलं. आणि मी पुस्तकात तेच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझं पुस्तक वाचनालयाच्या कपाटातून गेलं. आठवड्याभरात शाळेनं मला वर्गावरून काढून कार्यालयात बसवलं. चौकशी होईपर्यंत, म्हणाले. लेखक मंडळींचे फोन आले. आम्ही मनानं तुझ्यासोबत आहोत. मनानं. एकानंही चार ओळींचं निवेदन काढलं नाही. सरांनी फोनही केला नाही.

आला तो उमरेडचा एक लेखक. पन्नाशीचा माणूस. माझ्या पुस्तकावर त्यानं एका मासिकात वाईट लिहिलं होतं, कथा कच्च्या आहेत म्हणून. मला त्याचा राग होता. रविवारी सकाळी तो एसटीनं आला आणि दारात उभा राहिला.

"ताई, तुमच्या कथा मले आवडल्या नाहीत," तो म्हणाला. "अजूनही नाही आवडत. पन कापाचा अधिकार कोनाच्या बापाले नाही. चला."

"कुठे?"

"वाचनालयात. दारात उभं राहू अन् वाचू."

आम्ही गेलो. वाचनालयाच्या पायऱ्यांसमोर रस्त्यावर उभे राहिलो. मी ते पान वाचलं.  मग त्यानं वाचलं. त्याचा आवाज मोठा होता. पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग गेली.

एक पोलीस आला.

"काय करून राहिले मॅडम? परमिशन आहे का?"

"कशाची? वाचायची?"

तो गोंधळला. वर बघितलं, वाचनालयाच्या खिडकीकडे. तिथून कोणीतरी फोन केला असणार.

"वाचा ना घरी बसून," तो म्हणाला.

"घरी वाचलंय," उमरेडचा लेखक म्हणाला. "आता इथं वाचतो."

आम्हाला ठाण्यात नेलं. दुपारपर्यंत बसवून ठेवलं, समज दिली, सोडलं. संध्याकाळी मोबाइलवर आमचा फोटो फिरला. खाली शिव्या. काही शिव्या माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या होत्या. रोज डबा सोबत खाणाऱ्या.

आता दर रविवारी आम्ही जातो. कधी दोघं, कधी पाच-सहा जण. गेल्या वेळी कॉलेजच्या दोन मुली आल्या. चौकशी चालू आहे. नोकरी बहुतेक जाईल. मी कोणाच्या पाया पडायला गेलेले नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती मीच काढते आहे. प्रकाशकानं हात झटकले. त्या कथेत मी दोन बदल केलेत. आईनं काम सोडलं, असं होतं. तिला काढलं, असं केलंय. आणि सातव्या खोलीतला म्हातारा, असं होतं. तिथे आता नाव आहे. पूर्ण, आडनावासकट. त्याच्या मुलानंच मला सांगितलेलं.

एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बदनामीचा खटला होईल. मी म्हणाले, होऊ द्या. कोर्टात ते पान अध्यक्षांना मोठ्यानं वाचावं लागेल, शब्द न् शब्द, न गाळता. मी आईला घेऊन जाणार आहे ऐकायला.