पांढऱ्या दातांचं प्रकरण

खून, दरोडे, कोळशाच्या ट्रकांची हेराफेरी, नोकरीत सगळं पाहिलं आणि बरंचसं विसरलोही. दातांचं हे प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. एखादी केस सांगा म्हणणाऱ्यांना पिस्तूल लागतं, पाठलाग लागतो. यात दोन्ही नाहीत. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पान उलटावं.

वणीहून माझी बदली घाटंजीकडच्या एका ठाण्यात झाली होती. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, बाजाराच्या दिवशी बंदोबस्त, पोळ्याला दोन गटांची समजूत काढणं, असा तिथला कारभार. एक दिवस तिथल्या दातांच्या डॉक्टरीण बाईंचा फोन आला. तरुण बाई, स्वतःचा लहानसा दवाखाना. फोनवर बोलता येणार नाही म्हणाल्या, म्हणून मीच गेलो.

बाईंचं म्हणणं असं की एकाच खेड्यातल्या तीन मुली एकीमागून एक त्यांच्याकडे आल्या होत्या. तिघी लग्नाच्या वयाच्या. हिरड्या भाजलेल्या, ओठाच्या आतली कातडी सोललेली, पुढचे दात खडूसारखे पांढुरके. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात. काय लावलं असं विचारलं तर तिघींचं एकच उत्तर, दंतमंजन. मंजनाने असं होत नाही, हे ॲसिडचं काम आहे, असं बाई ठामपणे सांगत होत्या. मुलींची नावं द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. गाव सांगते म्हणाल्या, नावं त्या मुलींनी सांगायची.

दात पांढरे करणं म्हणजे नेमकं काय, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. ज्या कामात गुन्हा झालाय ते काम आधी समजून घ्यायचं, ही माझी जुनी खोड. बाईंनीही न कंटाळता समजावून सांगितलं. चहाचा, तंबाखूचा, सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्ऱ्याचा थर दाताच्या वर बसतो, तो मशीनने खरवडून निघतो. रंग आत मुरला असेल तर पेरॉक्साइडचं जेल लावतात. ते दातात झिरपतं आणि रंगाचे कण फोडतं, म्हणून डाग फिका पडतो. हिरड्या झाकून, सावकाश, दोन-चार खेपांत करायचं ते काम. पण त्या गावाचं दुखणं वेगळंच होतं. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पाणी पोटात गेलं की तपकिरी पट्टे घेऊनच दात बाहेर येतो. तो डाग कितीही घासा, हलत नाही. त्यावर डॉक्टर सौम्य ॲसिड आणि बारीक पूड वापरतात, पण हिरड्यांवर रबराचा पडदा लावून, अगदी थोडा वेळ, आणि लगेच धुऊन टाकतात. वरचा कागदाएवढा पापुद्रा निघतो, मग गरज पडली तर जेल. मुलींच्या तोंडात हेच कोणीतरी पडद्याशिवाय आणि अंदाजाने केलं होतं. करणारा डॉक्टर नव्हता, पण डॉक्टरचं काम त्याने जवळून पाहिलेलं होतं.

त्या गावचे पोलीस पाटील माझ्या भरवशाचे माणूस. गावात भांड्याला भांडं लागलं तरी ठाण्याला कळवणारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, असं काही नाही साहेब आपल्या गावात. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाच मी समजलो. महिला अंमलदाराला सोबत घेऊन साध्या कपड्यांत गावात गेलो. वेशीजवळच्या हातपंपाला सरकारी लाल रंग फासलेला होता. हे पाणी पिऊ नका, अशी ती खूण. बाया तिथंच घागरी भरत होत्या. पाटलांनी रीतीप्रमाणे घरी चहाला नेलं.

चहा येईपर्यंत मी भिंतीवरचे फोटो पाहत बसलो. आजोबा, लग्नातली जोडपी, शाळेचा वर्ग, वरातीत नाचणारे. सगळ्यांचे ओठ मिटलेले, नाचणाऱ्यांचेही. त्या गावात पोर चालायला लागलं की कॅमेऱ्यापुढे ओठ मिटायला शिकायचं. एकच नवा फोटो वेगळा होता, पाटलांच्या मुलीचा. साडी नेसलेली, दात दाखवून हसणारी, आणि दात पांढरेशुभ्र. ती चहा घेऊन आली तेव्हा तोंडावर ओढणी धरलेली होती. मी फक्त विचारलं, फोटो छान आहे, कुठे काढला? पाटलांनी कपबशी खाली ठेवली आणि तिला आत जायला सांगितलं.

मुलगी आत गेल्यावर पाटलांनी हात जोडले. “साहेब, पोट्टीची सोयरीक जुळली हाये. कोठंच बोलू नका.” फोटो स्टुडिओचा पत्ता मात्र त्यांनी दिला.

चौकशीत फोटोवाला फार टिकला नाही. लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या मुलींचे दात तो कॉम्प्युटरवर पांढरे करून द्यायचा. आईबाप खूश. फोटो पाहुण्यांकडे जायचा, मुलगी पसंत पडायची, पाहायला येतो असा निरोप यायचा आणि मग घरच्यांचं धाबं दणाणायचं. फोटोतले दात आता तोंडात कुठून आणायचे? दुसरा फोटो पाठवता आला असता. पण एकदा दाखवलेला फोटो परत घेणं म्हणजे मुलीत खोट आहे हे आपल्या तोंडाने सांगणं, आणि त्याला एकही घर तयार नव्हतं. अशा वेळी फोटोवाला आपल्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, नाव सुचवायचा.

हा साळा पूर्वी नागपूरला एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली होता. पाहुणे येणार त्याच सकाळी तो बॅग घेऊन घरी हजर व्हायचा. काम झालं की बजावायचा, पाहुणे जाईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. त्यात खुबी होती. दात कोरडा असला की जास्त पांढरा दिसतो, ओला झाला की डाग पुन्हा वर येतो. मुली चहा-पोह्यांना हात न लावता बसायच्या आणि पाहुणे म्हणायचे, पोरगी लाजाळू दिसते.

त्याला ताब्यात घेऊन पंचांसमक्ष घरझडती घेतली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ॲसिड मिळालं, संडास धुवायचं, पाणी घालून पातळ केलेलं. बाटली सील करत असताना त्याच्या मुलीने आम्हाला पाणी आणून दिलं. तीही लग्नाच्याच वयाची. पंचांपैकी एकजण तिच्या ओळखीचा निघाला, त्याच्याशी बोलताना ती हसली. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी ते ध्यानात ठेवलं आणि पंचनाम्यावर सही केली.

ठाण्यात त्याला समोर बसवून चहा दिला. का केलं असं विचारलं की माणूस खोटं बोलतो, कसं केलं असं विचारलं की त्याच्यातला कारागीर जागा होतो, हा माझा अनुभव. मी कसं एवढंच विचारत गेलो आणि गडी खुलला. हिरड्यांना खोबरेल तेल चोळायचं, कापसाच्या बोळ्याने औषध फिरवायचं, मनात आकडे मोजायचे, मग पुसून काढायचं. डॉक्टर लोक हेच करतात, फक्त नाव इंग्रजी देतात, असं वर मलाच शिकवलं. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणून तो जास्तच धीट झाला. त्याचं सगळं सांगून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला.

“तुझ्या पोरीचे दात पाह्यले मी. तिले काहून नाही लावलं?”

त्याने चहाचा कप बाजूला सारला.

“तिचे जळले असते न, साहेब.”

मला इतका संताप आला की उठून व्हरांड्यात गेलो. दुसऱ्यांच्या पोरींचं काय होणार हे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हात उचलला नाही. हात उचलला की केस आरोपीची होते, हे मी माझ्या शिपायांना नेहमी सांगायचो.

पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात उभी राहत नाही. आम्हाला साक्ष देणारी मुलगी हवी होती. त्याने नावं सांगितलेल्या तीन घरांपैकी दोघांनी सरळ दारं लावून घेतली. उरली पाटलांची. तिच्या लग्नाची तारीख धरलेली होती. पाटील ठाण्यात आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, लग्न होऊन जाऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा. मी म्हणालो, तोवर हा जामिनावर सुटेल आणि दुसऱ्या गावात बॅग घेऊन जाईल. त्यांना ते पटत होतं. तरी नाहीच म्हणाले. मला त्यांचा रागही येईना, कारण मलाही मुलगी आहे.

शेवटचं विचारून पाहावं म्हणून महिला अंमलदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या आत मुलीशी बोलत बसल्या, मी पाटलांसोबत बाहेर ओट्यावर. काही वेळाने मुलगी स्वतःच बाहेर आली. तोंडावर ओढणी नव्हती.

“बाबा, मी त्यायले फोन केला. समदं सांगतलं.”

त्यायले म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला. पाटलांनी विचारलं, मग काय म्हणाले?

“फोन ठेवून देल्ला.” मग ती अंमलदाराकडे वळली. “आता लिहा.”

सोयरीक मोडल्याचा निरोप त्याच दिवशी आला. तिचा जबाब नोंदवला, वैद्यकीय तपासणी झाली, डॉक्टरीण बाई साक्षीदार झाल्या, प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि दोषारोपपत्र गेलं. आरोपीला शिक्षा झाली. एका पोरीच्या हिमतीवर ती केस उभी राहिली, आमची हुशारी तिच्यानंतर.

तिची साक्ष झाली त्या दिवशी पाटील आणि मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दोघेही पुढचे साक्षीदार, आत बसता येत नाही. उलटतपासणी लांबली. मधल्या सुट्टीत पाटील पाणी प्यायला गेले, पण न पिताच परत आले. निकाल लागून, वरच्या कोर्टात तो कायम होऊन सगळं संपल्यावर, मुलीला धीर म्हणून आत थांबलेल्या महिला अंमलदाराने तिथं काय घडलं ते आम्हा दोघांना सांगितलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं होतं, तुमचे दात मुळातच खराब होते, हे खरं आहे का? त्यावर ती म्हणाली होती, “खराब नव्हते साहेब. डाग होते. त्याच दातांनं मी फुटाणे खात होती.” न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

पाटील ऐकून घळाघळा रडले. “साहेब,” ते म्हणाले, “डाग हायेत, पण दात चांगले हायेत, हे आमी घरात तिले कवाच सांगतलं नाही.”

कोणी तक्रार द्यायला पुढे येत नसेल तर तो कोणाला भितो हे आम्ही पोलीस आधी शोधतो. त्याला लाज कशाची वाटते हे आधी विचारावं, हे या केसने शिकवलं. त्या मुलीचं पुढे लग्न झालं की नाही, हे मी पाटलांना कधी विचारलं नाही.